शेजारच्या विद्यापीठाचा शिक्का आपण मानतो का?

निशिगंध:

नमस्कार मंडळी,

पश्चिम उपनगरातल्या एका अनुदानित कॉलेजात मी वाणिज्य शिकवते आणि गेली आठ वर्षं आयक्यूएसीचं कामही बघते. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. नॅकची (कॉलेजांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) तयारी, दरवर्षीचा एक्यूएआर (त्यांना पाठवायचा गुणवत्ता अहवाल), पुरावे जमवणं, सहकाऱ्यांच्या मागे लागून फायली पुऱ्या करून घेणं, हे सगळं त्यात येतं.

धागा काढायचं कारण एक मुलगी आहे. वडील वीसेक वर्षं अंधेरीत एका सोसायटीत रखवालदार आहेत. ती काठमांडूला आजीकडे राहून शिकली, त्रिभुवन विद्यापीठाची चार वर्षांची बीबीएस (आपल्या बी.कॉम.सारखी पदवी) झाली आणि गेल्या वर्षी एम.कॉम. करायला वडिलांकडे आली. आमच्या खिडकीवर गुणपत्रिका बघितली गेली, फॉर्म घेतला, फी घेतली. पात्रतेची कागदपत्रं पुढे पाठवायची वेळ आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की समकक्षतेचं, म्हणजे तिची पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं सांगणारं, प्रमाणपत्रच नाही. ते लागतं हे तिला जूनमध्ये सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही. तिने धावपळ केली, पण मुदत गेली आणि वर्ष वाया गेलं. चूक पूर्णपणे आमची होती. फी परत मिळाली, वर्ष कसं परत देणार?

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. त्या मुलीच्या विद्यापीठाबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये एकालाही काही सांगता येईना. तिथे अभ्यासक्रम कोण ठरवतं, पेपर कोण तपासतं, नॅकसारखं तिथे कोण असतं, काहीच नाही. लंडनचं नाव असतं तर निदान ऐकलेलं असतं. काठमांडू आपल्याला इतकं अनोळखी का?

मग वाचायला लागले. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांनी एकमेकांच्या पदव्या मानाव्यात म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने १९८३ साली बँकॉकमध्ये एक करार झाला होता. तो जुना झाल्यावर २०११ मध्ये टोकियोत नवा करार झाला आणि फेब्रुवारी २०१८ पासून तो लागू आहे. युरोपात हेच काम १९९७ च्या लिस्बन कराराने आधीच केलेलं. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोने सगळ्या जगासाठी असाच करार मंजूर केला, तो मार्च २०२३ पासून अमलात आला. यातल्या नव्या करारांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते मला फार मोलाचं वाटलं. बाहेरून आलेली पदवी मान्य धरून चालायचं. नाकारायची असेल, तर आपल्या आणि त्यांच्या पदवीत ठोस फरक कुठे आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं.

आपल्या खिडक्यांवर नेमकं उलट चालतं. सगळं सिद्ध करायचं ते विद्यार्थ्याने. नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही, 'साहेब नाहीत, सोमवारी या' एवढं पुरतं.

आणि हे फक्त परदेशी विद्यार्थ्यांपुरतं नाही. अंधेरीच्या कॉलेजातून बोरिवलीच्या कॉलेजात बदली मागणाऱ्या मुलालासुद्धा 'तुमच्या इंटर्नलच्या गुणांवर आम्ही कसा विश्वास ठेवायचा?' असं ऐकावं लागलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही कॉलेजं एकाच विद्यापीठाची! दोघांच्या भिंतीवर नॅकचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं!

तर मला विचारायचं आहे ते हे. एका संस्थेच्या तपासणीवर दुसऱ्या संस्थेचा विश्वास बसतो तो कशामुळे? ज्यांनी हे काम आतून पाहिलं आहे त्यांनी जरूर लिहा.


चक्रधर:

निशिगंधताई, विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

मी माटुंग्याजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात आहे. आमच्याकडे तुमच्या प्रश्नाचं एक चालतंबोलतं उत्तर आहे, वॉशिंग्टन करार. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांतल्या अभियांत्रिकी संस्थांनी ठरवलं की तुम्ही तपासलेला अभ्यासक्रम आम्ही आमच्यासारखाच धरू. हा सरकारांमधला तह नाही. तपासणाऱ्या संस्थांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे.

आपली एनबीए, म्हणजे तंत्रशिक्षणाचे अभ्यासक्रम तपासणारी राष्ट्रीय संस्था, २००७ मध्ये तात्पुरती सभासद झाली आणि जून २०१४ मध्ये पूर्ण सभासद. मधली सात वर्षं काय चाललं होतं, त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्या सभासद देशांतली माणसं मार्गदर्शक म्हणून येतात. तुमची तपासणी समिती कॉलेजात जाते तेव्हा निरीक्षक म्हणून सोबत बसतात. समिती काय विचारते, काय पाहते, काय सोडून देते हे टिपतात. नंतर मानांकन द्यायचं की नाही हा निर्णय जिथे होतो त्या बैठकीतही बसतात. पूर्ण सभासदत्व सगळ्या जुन्या सभासदांच्या संमतीने मिळतं, आणि मिळालं म्हणजे कायमचं झालं असंही नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी होते.

या सात वर्षांत आमच्या शिकवण्यात फरक पडला, हे मी स्वतः अनुभवलं. आधीच्या तपासणीत प्रयोगशाळा किती चौरस मीटर, पुस्तकं किती, संगणक किती, हे मोजायचे. नंतर प्रश्न आला, तुमच्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षाअखेरी काय करता येतं, आणि ते येतं हे तुम्हाला कशावरून कळलं? सीओ-पीओ मॅपिंगचे, म्हणजे प्रत्येक विषयातून काय साधायचं आणि ते पदवीच्या अपेक्षांशी कसं जुळतं याचे, तक्ते भरताना सगळ्यांनी कुरकुर केली, मीही केली. बरेच तक्ते नुसतेच भरले जातात हेही खरं. पण ज्या दोन-तीन विषयांत आम्ही ते मनापासून केलं, तिथे प्रश्नपत्रिका बदलल्या. पाठ करून सुटणारे प्रश्न कमी झाले. माझ्या मशीन डिझाइनच्या पेपरात आता विद्यार्थ्याला एक गृहीतक स्वतः निवडावं लागतं आणि ते का निवडलं हे लिहावं लागतं. बाहेरच्या माणसाची नजर आल्याशिवाय मी हे केलं नसतं.

आता शेजाऱ्यांचं. श्रीलंका आपल्याबरोबरच, २०१४ मध्ये पूर्ण सभासद झाली. पाकिस्तान २०१७ मध्ये, बांगलादेश २०२३ मध्ये. म्हणजे अभियांत्रिकीपुरते तरी उपखंडातले चार देश आज एकाच पंगतीला बसले आहेत. याची आपल्याकडे कुणी दखलही घेतली नाही.


समिधा_म:

चक्रधर सर, माझा मुलगा ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकात एनबीए मान्यता आणि वॉशिंग्टन करार दोन्ही ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पुढे कॅनडात गेला तर पदवी सरळ चालेल ना?


चक्रधर:

समिधाताई, दोन गोष्टी तपासा. पहिली, एनबीएची मान्यता कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळते, आणि तीही ठरावीक वर्षांसाठी. तुमच्या मुलाची शाखा आणि त्याचं उत्तीर्ण व्हायचं वर्ष त्यात बसतं का ते एनबीएच्या संकेतस्थळावर बघा. दुसरी, टियर वन की टियर टू? वॉशिंग्टन कराराचा लाभ टियर वनच्या अभ्यासक्रमांना, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना मिळतो. संलग्न कॉलेजं टियर टूमध्ये येतात. त्यांची एनबीए मान्यता इथे पूर्ण खरी असते, पण ती कराराखाली येत नाही.

शिवाय करार पदवीपुरता आहे. तिकडे व्यावसायिक अभियंता म्हणून सही करण्याचा परवाना त्यांच्या नियमांनीच मिळवावा लागतो.


समिधा_म:

तपासलं. टियर टू आहे. हे आम्हाला प्रवेशाच्या वेळी कुणीच सांगितलं नव्हतं. माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार.


स्पष्ट_सांगतो:

निशिगंध मॅडम, तुमची तळमळ पोचली. पण एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय ही चर्चा पुढे जाऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीचे अध्यक्ष आणि काही सदस्य यांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. वरची श्रेणी मिळावी म्हणून पैसे आणि वस्तू दिल्या-घेतल्याचा तो आरोप आहे. आपल्याच तपासनिसांबद्दल असं ऐकावं लागत असेल, तर नेपाळने, बांगलादेशाने, जर्मनीने आपल्या श्रेणीवर का विश्वास ठेवावा?

मी एका खाजगी कंपनीत भरतीचं काम करतो. उमेदवाराच्या कॉलेजची श्रेणी मी बघतच नाही. अर्ध्या तासाची लेखी परीक्षा घेतो. मला यात आनंद नाही. एखाद्या पोराने तीन-चार वर्षं घालवून पदवी मिळवलेली असते, आणि मी ती बाजूला ठेवून त्याला पुन्हा तपासतो. देशात प्रत्येक कंपनी, प्रत्येक प्रवेश परीक्षा हेच करते. विश्वास नसल्याची किंमत ती पोरंच भरतात, परीक्षांच्या फीमध्ये आणि वयात.


जुना_फोर्टकर:

निवृत्त प्राध्यापक आहे. नॅकच्या पीअर टीममध्ये, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या तपासणी समितीत, सदस्य म्हणून काही वेळा गेलो आहे, म्हणून लिहितो.

स्पष्ट_सांगतो यांनी लिहिलेली घटना वाचली तेव्हा दोन रात्री झोप आली नाही. नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांना ते आपलं काम वाटलं होतं. बेंगळुरूला कार्यशाळांना आम्ही रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने जायचो.

समितीत माणसं दुसऱ्या राज्यांतली असतात, ओळखीपाळखी टाळाव्यात म्हणून. पण कॉलेजं मुक्कामाची अशी काही सरबराई करतात की परक्या गावातही माणूस संकोचतो. एका गावी आमच्या स्वागताला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुली साडी नेसून ताटं घेऊन उभ्या होत्या. सकाळचे साडेनऊ, मे महिना. त्यांच्या परीक्षा चालू होत्या. अध्यक्षांनी प्राचार्यांना बाजूला घेऊन सांगितलं, या मुली आत्ता वर्गात गेल्या नाहीत तर आम्ही आत येणार नाही. मुली गेल्या. त्या तपासणीत प्राचार्य पुढे फार मोकळेपणाने बोलले, ग्रंथालयात काय नाही हेसुद्धा त्यांनी आपणहून दाखवलं.

२०१७ नंतर पद्धत बदलली. सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर गेला, आकडे बाहेरून पडताळले जातात, समितीकडे उरलेला भाग राहिला. हेतू चांगला होता. पण आकडे पाठवणाऱ्याचं सगळं लक्ष आकडा कसा बसवायचा याकडे लागतं. नंतर डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवलं की श्रेण्यांची उतरंड सोडून मानांकित किंवा अमानांकित एवढंच सांगावं, आणि पुढे ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी पाच पातळ्या असाव्यात. सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ते स्वीकारलं. मला ही दिशा बरी वाटते. ए प्लस आणि ए प्लस प्लस यांच्यातला दशांशाचा फरक मिळवण्यासाठीच माणसं वाकड्या वाटेला जातात.

युरोपाने हा प्रश्न कसा हाताळला ते सांगतो. १९९९ मध्ये बोलोन्यात २९ देशांनी उच्च शिक्षणाची रचना जुळवून घ्यायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी तपासणी संस्थांचं जाळं उभं राहिलं. २००५ मध्ये समान निकष आले, २०१५ मध्ये ते सुधारले. २००८ पासून एक नोंदवही आहे. तिच्यात नाव यायचं असेल तर तपासणाऱ्या संस्थेला स्वतःचीच बाहेरून तपासणी करून घ्यावी लागते. तपासनिसांच्या समितीत एक विद्यार्थी असलाच पाहिजे, आणि अहवाल पूर्ण छापला पाहिजे, नकारात्मक असला तरी. काही देशांत तर विद्यापीठाला दुसऱ्या देशातल्या नोंदलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायची मुभा आहे. नॅकचे अहवालही संकेतस्थळावर असतात, त्याबद्दल नॅकला श्रेय दिलं पाहिजे. आपण ते वाचत नाही, हा आपला दोष.

आशियातलं उदाहरणही आहे. आग्नेय आशियातल्या विद्यापीठांचं जाळं १९९५ मध्ये झालं आणि गुणवत्तेचं काम त्यांनी १९९८ पासून हाती घेतलं. थायलंडच्या अभ्यासक्रमाकडे मलेशियाचा, फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा प्राध्यापक येऊन बसतो. सात पायऱ्यांच्या मापावर एकेक निकष तपासतो. आणि पुढच्या वर्षी तोच आपल्या विद्यापीठात दुसऱ्याकडून तपासला जातो. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. लिस्बन-बोलोन्यापेक्षा मला हे आपल्या जवळचं वाटतं. त्या देशांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, श्रीमंती-गरिबीत आपल्याइतकीच तफावत.

निशिगंध, तुमच्या विद्यार्थिनीबद्दल एक कामाची माहिती. परदेशी पदवीची समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, देत असे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, यासाठी नवे नियम काढले, त्यात अर्ज ऑनलाइन करायचा आहे. काठिण्य, कालावधी, क्रेडिट यांची तुलना कशी करायची ते त्यात लिहिलं आहे. तुमच्या प्रवेश समितीतल्या प्रत्येकाच्या हाती त्याची प्रत हवी.


राजाबाई:

फोर्टकर काका, +१. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर घालते.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तेव्हा ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं, शिकवणं कॉलेजांत व्हायचं. या विद्यापीठाची हद्द केवढी होती बघा. अहमदाबादचं गुजरात कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, आणि कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज. हे शेवटचं १८८७ साली निघालं, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआय अभियांत्रिकी कॉलेजच्याच वर्षी. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कराचीत एनईडी अभियांत्रिकी कॉलेज निघालं. सक्करच्या धरणासाठी अभियंते हवे होते. तेही १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं. कराचीच्या मुलाच्या आणि धारवाडच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेला एकच माप लागायचं, आणि त्या मापाबद्दल कुणी शंका घेत नसे.

नेपाळचंही सांगते, कारण धागा तिथूनच सुरू झाला. काठमांडूचं त्रिचंद्र कॉलेज १९१८ चं. ते आधी कलकत्ता विद्यापीठाशी आणि मग पाटण्याशी जोडलेलं होतं. त्रिभुवन विद्यापीठ १९५९ मध्ये झालं. भूतानचं शेरुब्त्से कॉलेज तर भूतानचं स्वतःचं विद्यापीठ २००३ मध्ये होईपर्यंत दिल्ली विद्यापीठाच्या पदव्या देत होतं. ज्यांच्या परीक्षा आपण घेत होतो, त्यांच्याच पदव्यांपुढे आज आपण प्रश्नचिन्ह लावतो.

अर्थात त्या काळचा विश्वास बरोबरीचा नव्हता. वरून एक विद्यापीठ माप ठरवायचं आणि बाकीच्यांनी ते मान्य करायचं. तसा काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांचं माप मान्य करणं हे जास्त अवघड आहे, पण करायला हवं ते तेच.


केळवे:

लेख आणि प्रतिसाद दोन्ही उत्तम. माझा भाचा जर्मनीला गेला तेव्हा अनाबिन नावाच्या त्यांच्या माहितीसाठ्यात आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्य) आहे का ते आधी बघावं लागलं होतं. त्यांनी जगभरच्या विद्यापीठांची नोंद करून सर्वांसाठी उघडी ठेवली आहे. आपल्या शेजारच्या सात देशांपुरती तरी अशी नोंद मराठीत किंवा इंग्रजीत आपल्या प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात असायला काय हरकत आहे?


स्पष्ट_सांगतो:

चक्रधर, चार देश एका पंगतीला बसले असं तुम्ही लिहिलंत. वास्तवही लिहायला हवं. यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई यांनी एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त सूचना काढली आहे की भारतीय विद्यार्थ्यांनी पाकिस्तानात शिकायला जाऊ नये, तिथली पदवी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला चालणार नाही. मग तपासणी संस्थांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाचा उपयोग काय?


चक्रधर:

तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. सुरक्षेचे प्रश्न सरकारने बघायचे, त्यात मी बोलणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कराचीतल्या मुलाला स्थापत्य अभियांत्रिकी नीट येतं का, हा एक प्रश्न. त्याला इथे येऊ द्यायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अभियंत्यांनी द्यायचं आणि ते प्रामाणिकपणे दिलं जावं. दुसऱ्याच्या रागापोटी पहिल्याचं उत्तर फिरवलं, तर तपासनिसाच्या शब्दाला कुठेच किंमत उरणार नाही, इथेही नाही.

दक्षिण आशियात एक धागा अजून तुटलेला नाही. दिल्लीतलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी. सार्क देशांनी २००७ मध्ये करार केला आणि २०१० मध्ये वर्ग सुरू झाले. तिथली पदवी आठही सदस्य देशांत मान्य आहे. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही, तरी हे विद्यापीठ चालू आहे.


चिकूवाडी:

मी डहाणूच्या बाजूच्या एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवते. आमची बहुसंख्य मुलं वारली आणि कोकणा समाजातली, घरात पहिलीच शिकणारी. टोकियो, बोलोन्या हे सगळं वाचून पहिल्यांदा वाटलं, आपला इथे काय संबंध? मग एक आठवलं म्हणून लिहिते.

यूजीसीने २०१९ मध्ये 'परामर्श' नावाची योजना आणली होती. चांगलं मानांकन असलेल्या कॉलेजने निदान पाच कॉलेजांना हात द्यायचा. त्यात मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजकडे आम्ही आलो. आम्हाला धास्ती होती. मोठ्या कॉलेजची माणसं येणार, नाकं मुरडणार, भाषण देऊन जाणार. आलेल्या मॅडम पन्नाशीच्या, पाठीला सॅक, डहाणू लोकलने आलेल्या. आम्ही शाल-श्रीफळ काढलं तर त्यांनी हात जोडून ते ठेवून द्यायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल? सॅकमधून स्वतःच्या कॉलेजची एक फाइल काढली आणि म्हणाल्या, ही आमची तक्रारींची वही, मागच्या तीन वर्षांत आमचं काय काय चुकलं ते यात आहे, आधी तुम्ही वाचा.

आम्ही वाचलं. त्यांच्याकडेही निकाल उशिरा लागले होते. एका विषयाला दोन महिने शिक्षकच नव्हता. शौचालयाची तक्रार चार वेळा आली होती. एवढ्या नावाजलेल्या कॉलेजात!

मग आम्हीही आमचं कपाट उघडलं. उपचारात्मक वर्गांच्या हजेरीपटावर चाळीस मुलं होती, येत होती बारा. आम्ही ते सांगितलं. त्यांनी कुठेही लिहून घेतलं नाही, फक्त विचारलं, बारा का? दुपारची शेवटची एसटी पावणेचारला आणि वर्ग साडेतीनला, म्हणून. वर्ग सकाळी घेतला, तर सव्वीस-सत्तावीस मुलं यायला लागली. पुढच्या एक्यूएआरमध्ये आम्ही सत्तावीसच लिहिले. चाळीस लिहिताना जे वाटायचं ते तेव्हा वाटलं नाही.

त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला तो आमची श्रेणी बघून नव्हे, आमच्याकडे तेव्हा श्रेणीच नव्हती. आमचा त्यांच्यावर बसला तो त्या वहीमुळे.


जुना_फोर्टकर:

चिकूवाडी, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.


राजाबाई:

चिकूवाडीताई, किती सुंदर लिहिलंत. फोर्टमध्येही असं काही घडू शकेल असं वाटतं. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. चारही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एल्फिन्स्टनच्या इतिहासाच्या मुलाने सायन्समध्ये जाऊन एक विषय घ्यावा आणि त्याचे क्रेडिट विनातक्रार जमा व्हावेत, हे समूह विद्यापीठात तरी सहज व्हायला हवं. विद्यार्थ्याचे क्रेडिट एका खात्यात जमा ठेवणारी क्रेडिट बँक जुलै २०२१ पासून आहे. खातं उघडलं म्हणजे विश्वास जमा झाला असं होत नाही, त्यासाठी दोन विभागांतल्या शिक्षकांनी एकमेकांच्या प्रश्नपत्रिका पाहिलेल्या असाव्या लागतात.


निशिगंध:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस कॉलेजच्या परीक्षांत अडकले होते, आज सलग बसून सगळं वाचलं.

चिकूवाडीताईंच्या मॅडमची वही डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्याकडे दरवर्षी शैक्षणिक आणि प्रशासकीय लेखापरीक्षण होतं, बाहेरच्या कॉलेजातली दोन माणसं येतात. आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे ते कसं होतं. चहा, सादरीकरण, जेवण, तयार नमुन्यावर सही, शाल. पुढच्या महिन्यात आपण त्यांच्याकडे. अहो रूपम् अहो ध्वनिः. मीसुद्धा अशा सह्या केल्या आहेत आणि आज त्याचं वाईट वाटतं, कारण त्या सह्यांवर कुणीतरी विश्वास ठेवला असेल.

फोर्टकर काकांनी सांगितलेली आग्नेय आशियातली पद्धत आणि हे लेखापरीक्षण, वरून दोन्ही सारखीच दिसतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. तिकडे अहवाल सगळ्यांसमोर जातो आणि समोर बसलेला माणूस आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातला नसतो. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून या वर्षी प्राचार्यांना मी तीन गोष्टी लेखी सुचवल्या. लेखापरीक्षणाला येणारं एक माणूस जिल्ह्याबाहेरचं असावं. समितीत आमची एक माजी विद्यार्थिनी असावी. अहवाल, त्यातल्या त्रुटींसकट, संकेतस्थळावर टाकावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसऱ्यावर 'नॅक जवळ आलं आहे, आत्ता नको' असं उत्तर मिळालं. मी पुन्हा मागणार आहे.

स्पष्ट_सांगतो, तुमच्या लेखी परीक्षेबद्दल एक विनंती. तुमच्याकडे येणाऱ्या वाणिज्य पदवीधरांना नेमकं काय येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. आमच्या अभ्यास मंडळात उद्योगातला सदस्य असतो, पण बैठकीला फारसं कुणी फिरकत नाही. तुम्ही याल का?

आणि ती मुलगी. तिने यंदा मार्चमध्येच समकक्षतेचा अर्ज केला, मी सोबत बसून भरून घेतला. तेव्हा त्रिभुवनचा अभ्यासक्रम पहिल्यांदा नीट वाचला. त्यांच्या चौथ्या वर्षात जो संशोधन प्रकल्प आहे तसा आमच्या तीन वर्षांच्या बी.कॉम.मध्ये नाही. ठोस फरक होता, फक्त आम्ही समजत होतो त्याच्या उलट बाजूला. जुलैमध्ये तिचा प्रवेश झाला, परवा तिचा कॉस्टिंगचा पेपर होता.


स्पष्ट_सांगतो:

येतो. तारीख कळवा, रजा टाकतो. मागच्या दोन वर्षांतल्या आमच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका नावं झाकून आणेन.


चिकूवाडी:

निशिगंधताई, जिल्ह्याबाहेरचं माणूस हवं असेल तर मी तयार आहे. मराठीची असले तरी हजेरीपट वाचता येतो. शाल मात्र नको.


निशिगंध:

चिकूवाडीताई, नक्की या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार धरू. आमच्या तक्रारींची वही मी आधीच काढून ठेवते. गेल्या वर्षीच्या प्रवेशाची ती नोंद तिच्यात नव्हती, आज दुपारी माझ्या हाताने लिहिली.